बांध पात्यापाशी हवा



नवेगाव बांध या गावाचे नावच एका बांधकामावरून पडले आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांच्या मधली वाट मातीने बांधून काढली आणि हा तलाव उभा राहिला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पट्ट्यात कोहळी समाजाने बांधलेल्या तळ्यांच्या पाण्यावर आजही धान पिकते. ते काम फावड्याने, टोपलीने, माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी झाले. त्यात हाडे मोडणारे कष्ट होते. पण ओल्या मातीच्या त्या कामात एक गोष्ट नव्हती: डोळ्यांना न दिसणारी, छातीत जाऊन बसणारी आणि दहा-वीस वर्षांनी माणसाचा श्वास हिरावून घेणारी धूळ. आज याच गावात घरकुलाचे काम निघाले तरी चार इंची ग्राइंडर येतो, मार्बल कटर येतो, भिंतीत पाइपासाठी झिऱ्या मारायला मशीन येते, स्लॅब फोडायला ब्रेकर येतो. यंत्रे आली याचे मला दुःख नाही. त्यांनी गवंड्याच्या खांद्यावरचा भार खरोखर हलका केला आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हत्यार बदलले, त्यातून निघणारी धूळ बदलली, पण तिच्याशी वागण्याची आपली रीत छिन्नी-हातोड्याच्या काळातलीच राहिली. तोंडाला दुपट्टा बांधायचा आणि काम संपल्यावर झाडू मारायचा. ही रीत आता पुरत नाही. धूळ माणसाच्या नाकापाशी नव्हे, यंत्राच्या पात्यापाशी अडवली पाहिजे, आणि ती अडवण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची आहे, एवढेच मला आज पटवून द्यायचे आहे.

छिन्नीने विटेवर घाव घातला की कपच्या उडतात. त्या डोळ्यात जातात, हाताला लागतात, पण वजनाने लगेच खाली पडतात. ग्राइंडर कपची उडवत नाही, तो दगड दळतो. मिनिटाला अकरा हजार फेरे घेणारे पाते सिमेंटला किंवा फरशीला लागते तेव्हा पांढरा लोट उठतो, आणि आपल्याला वाटते की दिसतो तो लोट म्हणजे धूळ. खरे म्हणजे दिसणारा भाग कमी धोक्याचा. त्यातले मोठे कण नाकात अडकतात, शिंकेने आणि थुंकीने बाहेर पडतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसाच्या तळाशी, जिथे हवेची आणि रक्ताची देवघेव होते तिथपर्यंत पोचणारे कण चार-पाच मायक्रॉनचे आणि त्याहून बारीक असतात. ते एकेकटे दिसत नाहीत. खाली बसायलाही त्यांना घाई नसते. क्वार्ट्झच्या एक मायक्रॉनच्या कणाला अगदी स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे पाच तास लागतात. म्हणजे सकाळी दहाला फरशी कापली, अकराला मिस्त्री म्हणाला की धुरळा बसला, आणि बारा वाजता बाई त्याच खोलीत भाकरी सोडून जेवायला बसली, तरी ती तीच हवा ओढत असते. दुपारी रेजा कोरडा झाडू मारते तेव्हा खाली बसलेलेही पुन्हा उठते. या कामातला सर्वांत स्वस्त मानलेला माणूस म्हणजे झाडणारी बाई, आणि धुळीत तोंड घालून काम करण्याची पाळी तिच्यावरच सर्वांत जास्त वेळ येते.

कोणी म्हणेल, धुळीत तर आपण जन्मापासून आहोत. खळ्यावर धूळ, रस्त्यावर धूळ, राईस मिलमध्ये कोंडा. पण सगळी धूळ एक नव्हे. धानाच्या तुसातसुद्धा सिलिका भरपूर असते, मात्र ती स्फटिकाच्या रूपात नसते. रेती, गिट्टी, विटा, फरशा यांतली सिलिका क्वार्ट्झच्या रूपात, म्हणजे स्फटिकरूप असते. सिमेंट काँक्रीटमध्ये तिचे प्रमाण 25 ते 70 टक्के असू शकते, टाइलमध्ये 30 ते 45, ग्रॅनाइटमध्ये साधारण 30, वाळूच्या दगडात 70च्या पुढे. संगमरवरात मात्र ती दोनेक टक्केच. फुप्फुसात शिरलेल्या बाह्य कणाला गिळून टाकणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात. त्या क्वार्ट्झचा कणही गिळतात, पण तो पचत नाही. पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या झटापटीत आजूबाजूला व्रण पडतात, लवचिक फुप्फुसात घट्ट गाठी तयार होतात. त्यालाच सिलिकोसिस म्हणतात. नुकत्याच फुटलेल्या स्फटिकाचा पृष्ठभाग जुन्या, झिजलेल्या रेतीपेक्षा अधिक घातक असतो, आणि ग्राइंडर नेमके ताजे फुटलेले स्फटिक हवेत सोडतो. हा आजार उलटत नाही. काम सोडल्यावरही तो पुढे सरकू शकतो. स्फटिकरूप सिलिकेला 1997 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. अमेरिकेत 2016च्या नियमाने आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ठरवली ती हवेच्या एका घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम. अंगमेहनत करणारा माणूस पाळीभरात साधारण दहा घनमीटर हवा ओढतो असे धरले, तर ही सगळी मर्यादा होते अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे साखरेच्या एका दाण्याएवढी. कोरड्या कटरने एक फरशी कापताना किती पीठ पायाशी साचते ते आठवून पाहा.

ही सगळी भीती परदेशातली आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या वस्तूने आपल्या आई-वडिलांनी आणि आपण स्वतः मुळाक्षरे गिरवली, ती पाटीवरची पेन्सिल मध्य प्रदेशातल्या मंदसौरला तयार होई. दगडाच्या फळ्या विजेच्या गोल करवतीने कोरड्याच कापून तिच्या कांड्या पाडत. 593 कामगारांची तिथे तपासणी झाली, आणि 1985 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 54.6 टक्के लोकांना सिलिकोसिस आढळला. 17.7 टक्क्यांमध्ये तर छातीतल्या बारीक गाठी एकत्र होऊन मोठे गोळे बनले होते. निम्म्याहून जास्त. कापण्याचे कामच एवढे हलके, एवढे घरगुती की त्याला कोणी खाण म्हणणार नाही, कारखाना म्हणतानाही अडखळेल. दगड, विजेवर फिरणारे पाते आणि पाण्याचा अभाव, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढचे आपोआप घडते. आज आपल्या प्रत्येक बांधकामावर त्या एकत्र येतात. फरक एवढाच की मंदसौरचा कामगार एका जागी बसलेला होता, म्हणून डॉक्टरांना तो सापडला. बांधकामावरचा माणूस या साइटवरून त्या साइटवर जातो, या जिल्ह्यातून त्या राज्यात जातो, आणि त्याचा आजार कोणाच्याच वहीत चढत नाही.

याचेही उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. अलिराजपूर, झाबुआ, धार या भागातले आदिवासी पोट भरायला गुजरातेत गोधरा परिसरातल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत गेले. आजारी पडले की गावी परत येत, आणि गावीच मरत. कारखाना एका राज्यात, मरण दुसऱ्या राज्यात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 साली अशा 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत असे सांगितले, तोवर कैक घरांतली कर्ती माणसे गेली होती. गोंदिया जिल्ह्यातून नागपूर, पुणे, हैदराबाद इथे बांधकामावर जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. ते परत येतील तेव्हा मजुरीबरोबर काय घेऊन येतील, हा प्रश्न आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याने आजच विचारला पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 1999च्या अहवालात खाणी आणि कारखान्यांतल्या सुमारे तीस लाख कामगारांना सिलिकेचा मोठा धोका असल्याचे म्हटले होते, आणि त्याखेरीज बांधकामावरचे 53 लाख वेगळे मोजले होते. तेव्हा बांधकामावर आजच्याइतके ग्राइंडर नव्हते.

आता यंत्राकडे जरा जवळून पाहू, कारण हात तुटण्याचे आणि छाती भरण्याचे मूळ बऱ्याचदा एकाच जागी असते. चार इंची ग्राइंडरवर अर्धगोल पत्र्याचे संरक्षण असते, त्याला गार्ड म्हणतात. साइटवर तो काढून ठेवलेला दिसतो. काढण्याचे कारण विचारा. कोपऱ्यात पाते पोचत नाही म्हणून, किंवा खोल कापायला मोठे पाते बसवायचे म्हणून. अकरा हजार फेऱ्यांना चार इंची पात्याची कड ताशी सुमारे 207 किलोमीटर वेगाने फिरते. त्याच यंत्रावर सात इंची पाते चढवले की कडेचा वेग होतो सेकंदाला सुमारे 104 मीटर. अशी घासाईची पाती बहुधा 80 मीटरपर्यंतच चालवायची असतात, म्हणून सात इंची पात्यावर जास्तीत जास्त 8,500 फेरे असा आकडा छापलेला असतो. तो आकडा कोणी वाचत नाही. पाते फुटले तर त्याचा तुकडा मानेत किंवा चेहऱ्यात शिरतो, आणि मध्ये अडवायला असलेला गार्ड पेटीत पडलेला असतो. राळेने बांधलेल्या पात्याच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्षही कोरलेले असते. ओल धरलेले, मुदत उलटलेले पाते स्वस्तात मिळाले म्हणून आणू नये. लाकूड कापायचे दातेरी पाते तर ग्राइंडरला कधीच लावू नये. ते अडकले की यंत्र हातातून उसळून मांडीवर येते. हे सारे इथे सांगण्याचे कारण असे की धूळ ओढून घेणारे झाकण आणि पाण्याची नळी, दोन्ही बसतात त्या गार्डच्याच जागी. ज्याने गार्ड काढला त्याने पाते मोकळे केले आणि धूळही मोकळी केली.

पात्यापाशी धूळ अडवायची म्हणजे नेमके काय? पहिला उपाय पाणी. ब्रिटनमधल्या प्रयोगांवरून असे दिसले की दगड-काँक्रीट कापणाऱ्या मोठ्या करवतीच्या पात्यावर मिनिटाला अर्धा लिटर पाण्याची सतत धार असेल तर बारीक धूळ नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी होते. अर्धा लिटर म्हणजे दोन पेले. आपल्याकडे हे कोणाला ठाऊक नाही असेही नाही. गावातला सिमेंटचा रस्ता झाल्यावर त्यात सांधे कापायला जे यंत्र येते त्यावर पाण्याची टाकी बसवलेलीच असते. ती कशासाठी? हिऱ्याचे पाते तापून खराब होऊ नये म्हणून. ग्रॅनाइटच्या कारखान्यातही पाणी सोडतात ते पात्यासाठी. पाते महाग आहे, म्हणून त्याला पाणी मिळते. शेजारच्या घरात कोरड्या कटरवर वाकलेल्या पोराच्या फुप्फुसाला मात्र मिळत नाही. ही गोष्ट मला सहन होत नाही, आणि ती तुम्हालाही होऊ नये.

यावर मिस्त्री जो आक्षेप घेतात तो अगदी रास्त आहे: वीज आणि पाणी एकत्र आणायचे कसे? शॉक बसून माणूस आजच मरेल, धुळीने वीस वर्षांनी. आक्षेप रास्त आहे म्हणूनच मी असे म्हणत नाही की साध्या ग्राइंडरवर मगाने पाणी ओता. पात्याशेजारी बसून हाताने पाणी सोडणारी बाई आपण पाहिलेली आहे. ती विजेच्याही तोंडाशी असते आणि फुटणाऱ्या पात्याच्याही. पाण्यासाठीच बनवलेले यंत्र वापरायचे, आणि 30 मिलिअँपिअरला तुटणाऱ्या आरसीसीबीमधूनच वीज घ्यायची. गळती होताच ते क्षणार्धात पुरवठा तोडते. सोललेली वायर थेट सॉकेटमध्ये खोचून, काडीने अडकवून चालवलेले यंत्र कोरडे असले तरीही जीवघेणेच आहे. म्हणजे आक्षेपाचे खरे उत्तर पाणी बंद करणे हे नाही, वीज नीट करणे हे आहे. जिथे पाणी चालतच नाही, रंग झालेल्या खोलीत किंवा लाकूडकामाशेजारी, तिथे दुसरा उपाय: पात्याभोवती झाकण आणि त्याला जोडलेला, बारीक गाळणीचा व्हॅक्यूम. आणि तिसरा उपाय सर्वांत साधा, तरी सर्वांत विसरलेला. सरळ रेषेत टाइल कापायची असेल तर वीजच लागत नाही. हाताचा टाइल कटर वरून रेघ ओढतो, दाब दिला की टाइल त्या रेघेवर तुटते. धूळ जवळजवळ शून्य, आवाज शून्य. घरातल्या कितीतरी टाइला अशाच कापता येतात. उरलेल्या कोपऱ्यांच्या आणि गोल भोकांच्या कामापुरते यंत्र अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, ओले चालवावे.

मास्कचे काय, असे विचारले जाईल. करोनाच्या काळात एन-95 हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला, त्याचा उपयोग करून घ्यायला हवा. दुपट्टा बारीक कण अडवत नाही. त्याच्या विणीतली भोके त्या कणांपुढे दारे-खिडक्या आहेत. एन-95 किंवा भारतीय मानकातला एफएफपी-2 मास्क अडवतो, पण तो गालाला घट्ट बसला तरच. दाढीवर तो बसत नाही, दोऱ्या सैल झाल्यावर बसत नाही, एकच मास्क महिनाभर खिशात कोंबून वापरला तर बसत नाही. आणि विदर्भाच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, आठ तास मास्क लावून गिलावा करायला सांगणाऱ्याने आधी स्वतः तासभर लावून पाहावा. कामगार मास्क काढतात ही त्यांची बेपर्वाई म्हणून सांगितली जाते. मला ती बेपर्वाई वाटत नाही. घामाने भिजलेल्या मास्कमधून श्वास येत नाही म्हणून माणूस तो काढतो. म्हणूनच मास्क ही शेवटची फळी. पाणी आणि व्हॅक्यूम यांच्यानंतर जे उरते त्यासाठी ती ठेवायची, त्यांच्याऐवजी नव्हे.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: आम्ही वीस वर्षे हेच करतो आहोत, आम्हाला काही झाले नाही. हे बोलणारा माणूस खोटे बोलत नाही. पण तो आपल्यासमोर उभा आहे कारण तो काम करू शकतो आहे. ज्यांना दम लागू लागला ते केव्हाच काम सोडून घरी बसले, पानटपरी टाकून बसले, किंवा गेले. साइटवर विचारपूस केली तर धडधाकटच भेटणार. शिवाय नेहमीचा सिलिकोसिस दहा वर्षांनी, कधी पंचवीस-तीस वर्षांनी उमटतो, आणि त्याआधी माणूस चालतो, बोलतो, ओझे उचलतो. मात्र यंत्राने धुळीचे प्रमाण वाढवले की ही मुदतही आखडते. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी कृत्रिम क्वार्ट्झचा दगड कोरडा कापणारी तरुण मुले काही वर्षांतच आजारी पडू लागली, आणि तिथल्या सरकारने 1 जुलै 2024पासून त्या दगडावर बंदीच घातली. त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. आपल्या शहरांतल्या ओट्यांवर तोच दगड आता हौसेने बसवला जातो आहे, आणि गोंदियापर्यंत यायला त्याला वेळ लागणार नाही.

कायदा काय करतो? 1996 साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, उपकर आला, राज्यात कल्याणकारी मंडळ आले. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्याची नोंदणी होते, सुरक्षा संचाच्या पेट्याही गावोगाव पोचल्या. पण तो कायदा लागू होई तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामाला, आणि दहा लाखांच्या आतले स्वतःचे घर त्यातून वगळलेले होते. पुढे कायद्यांच्या संहिता झाल्या, तरी खेड्यातले लहान घर चौकटीच्या बाहेरच राहिले. म्हणजे नवेगाव बांधच्या गल्लीत चार माणसे फरशी कापत असतील तर तिथे निरीक्षक येणार नाही. मग कोण पाहणार? मिस्त्रीने पाहावे म्हणाल, तर त्याचा दर फुटावर ठरलेला असतो. ओले कापायला, रेघ ओढायला, गार्ड बसवायला जो वेळ जातो तो त्याच्या खिशातून जातो. फुटाचा दर ठरवताना आपण त्याला त्याच्या स्वतःच्या फुप्फुसाविरुद्ध उभे करतो. म्हणून मी म्हणालो की जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची. घरमालकाने हा वेळ दरात धरला, ग्रामपंचायतीने नालीच्या आणि रस्त्याच्या अंदाजपत्रकात पाण्याच्या कटरची ओळ घातली, तर मिस्त्री नाही म्हणणार नाही. खर्च वाढेल, हे मी लपवत नाही. घराच्या एकूण खर्चात तो फार थोडा असेल, आणि आज तो खर्च होतच नाही असेही नाही. तो दुसऱ्याच्या घरी, औषधांच्या रूपाने, काही वर्षांनी होतो.

डॉक्टरांना एक विनंती. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो, आणि दोन्ही आजारांची छातीची छायाचित्रे एकमेकांसारखी दिसू शकतात. क्षयाचे औषध दोनदा, तीनदा घेऊनही दम न जाणारा माणूस समोर आला की तो काय काम करतो, कोणते यंत्र चालवतो, किती वर्षे, हे विचारावे आणि कार्डावर लिहावे. ते लिहिले गेले नाही तर भरपाईचा हक्क कागदावर असूनही त्या माणसाच्या हाती काही पडत नाही, आणि हा तालुका आपल्या आजाराची मोजदादच करू शकत नाही.

धानाची मळणी आटोपली की गावोगाव बांधकामे निघतील. ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. मिस्त्रीशी दर ठरवाल त्याच कागदावर लिहा की कापकाम अंगणात आणि ओले होईल, त्याच्या जादा वेळेची मजुरी मी देईन, आणि गार्ड काढलेले यंत्र माझ्या दारात चालणार नाही. आणि संध्याकाळी जी बाई झाडायला उभी राहील तिच्या हाती झाडूच्या आधी पाण्याची बादली द्या.